कोअरचा न्यूट्रॉन झाला: कोरियन-चिनी दुभाष्याच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

२५ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेनऊ. बीजिंगच्या पेटंट वकिलांचा ईमेल आला. इंग्रजीत चारच ओळी. तुमच्या अर्जाचा चिनी मजकूर वाचला, एक शंका आहे. साच्यात बसवलेल्या न्यूट्रॉनमधून वायू बाहेर काढायचा, असं सगळीकडे लिहिलं आहे. हा शोध अणुभट्टीशी संबंधित आहे का? असेल तर लगेच कळवा, कारण अणुकेंद्राच्या रूपांतराच्या पद्धतींना चीनमध्ये पेटंट मिळत नाही.

आमची फौंड्री शिरोली एमआयडीसीत आहे. हायड्रॉलिक पंपाच्या व्हॉल्व्ह बॉडीचं कास्टिंग करतो आम्ही. वाळू, रेझिन, भट्टी आणि माणसं, एवढाच आमचा संसार. न्यूट्रॉन हा शब्द आमच्या कागदात येण्याचं कारणच नव्हतं. मी तो ईमेल तीनदा वाचला आणि पप्पांना केबिनमध्ये बोलावलं. प्रायॉरिटीची, म्हणजे कोरियातल्या आमच्या आधीच्या अर्जाची तारीख चीनमध्येही धरली जाण्याची, मुदत संपायला १७ दिवस उरले होते.

हे सगळं लिहिते आहे, कारण कोल्हापुरात आता उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळीकडे परदेशी काम येतंय आणि परदेशी कागदही येतायत. आमच्यासारखीच एखादी फर्म उद्या अशा भाषांच्या जोडीत अडकेल, ज्यातलं एक अक्षरही ऑफिसात कुणाला वाचता येत नाही. आमचे दोन लाख रुपये गेले. पण मुदत गेली असती तर त्याची भरपाई कुठल्याच पैशानं झाली नसती.

आधी मूळ गोष्ट सांगते. व्हॉल्व्ह बॉडीच्या आत तेलाचे बारीक वळणावळणाचे मार्ग असतात. ते मार्ग पोकळ राहावेत म्हणून साच्यात वाळूचा कोअर ठेवावा लागतो. वाळू रेझिननं बांधलेली असते. गरम लोखंड ओतलं की रेझिन जळतं, वायू होतो, आणि त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर तो कास्टिंगमध्ये घुसतो. ब्लो होल. आमचं रिजेक्शन मुख्यतः त्याच्यामुळेच व्हायचं. कोअर शॉपमधले आमचे अण्णा, पंचवीस वर्षं हेच काम करणारे, त्यांनी कोअर बॉक्समध्येच, म्हणजे कोअर ज्यात घडवतात त्या पेटीत, व्हेंटची (वायू बाहेर जायच्या वाटेची) एक वेगळी रचना करून बघितली. कोरियातल्या आमच्या ग्राहक कंपनीच्या इंजिनिअरनं त्यात आणखी सुधारणा केली. रिजेक्शन खाली आलं. कोरियन लोक म्हणाले, पेटंट काढू, दोघांच्या नावानं.

शोधात भारतातला माणूस असेल तर परदेशात आधी अर्ज करण्यापूर्वी आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३९ खाली परवानगी लागते. ती आमच्या वकिलांनी काढून दिली. १४ मार्च २०२४ ला कोरियात कोरियन भाषेत अर्ज दाखल झाला. तिथून बारा महिन्यांच्या आत चीनमध्ये अर्ज केला की तीच तारीख तिथेही धरली जाते. कोरियाचा खर्च त्यांनी करायचा आणि चीनचा आम्ही, असं ठरलं होतं. चीनचं पेटंट आम्हाला हवंच होतं, कारण याच व्हॉल्व्ह बॉडीसाठी तिथल्या दोन फौंड्र्या आमच्याशी स्पर्धा करतात.

चीनमध्ये अर्ज चिनी भाषेतच द्यावा लागतो. मूळ मजकूर कोरियनमध्ये. म्हणजे कोरियनमधून चिनीत जाणारा माणूस हवा, आणि तोही यंत्राची आणि कायद्याची भाषा जाणणारा. शिवाय कोअर बॉक्स करून देणाऱ्या चिनी पुरवठादाराबरोबर गुप्ततेचा करार करायचा होता. त्या बैठकीत कोरियन इंजिनिअर आणि चिनी पुरवठादार यांच्यामध्ये बोलणारा दुभाषी लागणार होता. ही दोन वेगळी कामं आहेत. लिहिणारा अनुवादक वेगळा आणि समोरासमोर बोलणं फिरवणारा दुभाषी वेगळा. हे तेव्हा आम्हाला माहीत असतं तर दोन्ही कामं एकाच ठिकाणी दिली नसती.

बीजिंगच्या वकिलांनी अनुवादाचा दर सांगितला होता. तो आम्हाला जास्त वाटला. त्याच सुमारास ओळखीतून एका भाषांतर एजन्सीचा नंबर मिळाला. फोन उचलणारे गृहस्थ मराठी बोलणारे. "ताई, मी साताऱ्याकडचाच. आपल्या माणसाचं काम आहे म्हणून दर कमी लावतो." कोरियन ते चिनी थेट अनुवाद, मध्ये इंग्रजी नाही. अनुवादक बाई चीनच्या यानब्यानमधल्या, घरी कोरियन आणि शाळेत चिनी. सोलच्या हानकुक विद्यापीठाच्या दुभाषी प्रशिक्षण शाखेच्या पदवीधर. चीन सरकारची 'कॅटी' परीक्षा पास. शिवाय 'सरकारमान्य शपथबद्ध अनुवादक'.

यातली बरीचशी नावं खरी आहेत आणि फसवणुकीचं बळ त्यातच होतं. यानब्यान हा चीनच्या जिलिन प्रांतातला कोरियन लोकांचा स्वायत्त जिल्हा, १९५२ पासूनचा, आणि या जोडीतले चांगले दुभाषी खरोखरच तिकडून येतात. हानकुकची ती शाखा १९७९ मध्ये सुरू झालेली, नावाजलेली आहे. कॅटी ही चीनची अनुवादक-दुभाष्यांची सरकारी परीक्षा आहे. मी संगणकावर शोधलं, सगळं सापडलं, आणि समाधान झालं. त्या नावांशी या बाईंचा संबंध आहे का, हे मात्र शोधलं नाही. 'शपथबद्ध अनुवादक' या शब्दाला तर तिथल्या तिथे अडवायला हवं होतं. काही युरोपीय देशांत न्यायालयं अशा अनुवादकांची यादी ठेवतात. आपल्याकडे तशी पद्धतच नाही. आपल्याकडे अनुवादक प्रतिज्ञापत्र करतो आणि नोटरी त्यावर शिक्का मारतो, आणि तो शिक्का माणसाच्या सहीपुरता असतो, अनुवाद बरोबर आहे यासाठी नसतो.

दाखल्याची पीडीएफ आली होती. आता ती उघडली की डोळ्यांत भरतं: विद्यापीठाचा शिक्का धूसर आहे, कडेला चौकोन चौकोन फुटलेत, आणि त्याच कागदावरचं बाईंचं नाव मात्र लख्ख, कालच टाईप केल्यासारखं. तेव्हा मोबाईलवर बघितली आणि पुढे पाठवली.

डिसेंबर २०२४ मध्ये अनुवादासाठी १,३५,००० रुपये ठरले. निम्मे आधी आणि निम्मे फाईल मिळाल्यावर. बैठकीच्या तीन तासांचे ४०,०००. आणि जानेवारीत मध्येच फोन आला, चीनमध्ये कागद चालायचे तर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, लागतं, त्याचे २५,०००. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टील करारात आलाय, हे त्या गृहस्थांनी तारखेसकट सांगितलं. तारीख खरी होती. पण पेटंट अर्जाच्या अनुवादाला अपोस्टील लागतच नाही. बीजिंगला एक ओळीचा ईमेल टाकला असता तर कळलं असतं. स्टिकरचा फोटो आला, आम्ही पैसे पाठवले. अपोस्टीलच्या स्टिकरवर नंबर असतो आणि तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मार्चमध्ये तपासला. तसा नंबरच नव्हता.

बैठक जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिडिओवर झाली. आमच्याकडे सकाळचे साडेनऊ, चीनमध्ये बारा, कोरियात एक. दुभाषी बाईंनी कॅमेरा लावला नाही, म्हणाल्या नेट कमी पडतंय. कोरियन इंजिनिअर तीन मिनिटं बोलायचे, मग बराच वेळ शांतता, मग बाईंचं एक वाक्य. एवढ्या बोलण्याचं एवढंच कसं होतं, असं पप्पांनी माझ्याकडे बघून हातानंच विचारलं. मी म्हटलं, चिनी भाषा आटोपशीर असेल. दोन्हींतली एकही भाषा येत नसताना मी असं उत्तर दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या बैठकीतली एक चूक मात्र अशी निघाली, की या जोडीत काम देणाऱ्या प्रत्येकानं ती लक्षात ठेवावी. गुप्तता मोडली तर पुरवठादारानं पाच कोटी वॉन भरायचे, म्हणजे आपले साधारण तीस लाख रुपये. पुरवठादाराच्या टिपणात आकडा आला पन्नास लाख वॉन. एक शून्य कमी. आता आपण जसे लाखात मोजतो, तसे कोरियन आणि चिनी दोघेही दहा हजारांच्या गटात मोजतात. कोरियन 'मान', चिनी 'वान', शब्दही एकाच मुळातला. कोरियन माणूस 'पाच हजार मान' म्हणाला की चिनी माणसाला 'पाच हजार वान' असंच सांगायचं असतं, मध्ये काही हिशेबच नाही. थेट अनुवाद करणाऱ्याची तिथे चूक होणं फार अवघड. पण मधे इंग्रजी आली की त्याचे पन्नास मिलियन होतात, आणि परत वानमध्ये आणताना शून्य सांडतं. हे मला नंतर खऱ्या अनुवादक बाईंनी समजावलं. 'मध्ये इंग्रजी नाही' हे वाक्य त्या एका आकड्यात खोटं पडलेलं होतं आणि टिपण आमच्याच फाईलमध्ये पडून होतं.

अनुवाद २४ जानेवारीला आला. अठरा पानं, नीट मांडलेली, आकृत्यांचे क्रमांक जागेवर. २९ तारखेला चिनी नववर्ष होतं. कोरियातही त्याच दिवसांत सण. एजन्सीनं ही वेळ मुद्दाम साधली, असं मी आज म्हणेन. बीजिंगचं ऑफिस बंद, कोरियन ऑफिस बंद, आणि फाईल मिळाल्यावर उरलेले पैसे तीन दिवसांत, अशी अट. आम्ही तरीही एक खबरदारी घेतली होती. कोरियन इंजिनिअरना फाईल पाठवली. ते साठीचे आहेत आणि जुन्या पिढीतले असल्यामुळे चिनी अक्षरं ओळखतात. त्यांचं उत्तर आलं, 'पारिभाषिक शब्द बरोबर दिसतात.' आम्ही २७ ला पैसे भरले.

त्यांचीही चूक नव्हती. कोरियन फौंड्रीत कोअरला 'जुंगजा' म्हणतात. ज्या दोन चिनी अक्षरांवरून तो शब्द आला, 'मध्य' आणि 'मूल', त्याच अक्षरांनी जपानी फौंड्रीवालेही कोअर लिहितात. त्यांना चिनी फाईलमध्ये तीच दोन अक्षरं दिसली आणि खात्री पटली. पण चीनमध्ये ती अक्षरं 'चोंगत्स' अशी वाचली जातात आणि त्यांचा अर्थ न्यूट्रॉन. चिनी फौंड्रीवाला कोअरला 'शाशिन' म्हणतो, वाळूचा गाभा. अठरा पानांत जिथे जिथे अण्णांचा कोअर होता, तिथे तिथे न्यूट्रॉन बसला होता.

आणि तेवढंच नव्हतं. कोरियन लिपी आपल्यासारखीच, उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. आपण 'कर' लिहिलं की हात की टॅक्स हे वाक्यावरून समजून घेतो, तसं तिथे शेकडो शब्दांचं आहे. वाळूच्या साच्याला कोरियनमध्ये 'साह्योंग' म्हणतात. अगदी तसाच लिहिला जाणारा दुसरा शब्द म्हणजे देहदंड. पेटंटच्या वर्णनात दोन ठिकाणी वाळूच्या साच्याऐवजी देहदंड आला होता. ज्या माणसानं एकदाही फौंड्री बघितली आहे, किंवा नुसतं वाक्य पुन्हा वाचून बघितलं आहे, त्याच्या हातून हे होणार नाही. म्हणजे माणसानं ते वाचलंच नव्हतं. कोरियन मजकूर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, बाहेर आलेलं कागदावर मांडलं आणि आम्हाला विकलं.

माझ्या पोटात गोळा आला तो यामुळे. अर्ज तेव्हा प्रसिद्ध झालेला नव्हता. आमची आकृती, मापं, क्लेम (पेटंटमध्ये ज्यावर हक्क सांगतो ते दावे), सगळं त्या माणसाच्या संगणकावर होतं आणि कुठल्या कुठल्या संकेतस्थळावर चिकटवलं गेलं कोण जाणे. गुप्ततेच्या करारासाठी आम्ही दुभाषी नेमला होता आणि त्याच माणसाकडून गुप्ततेचं एक ओळीचं पत्रही लिहून घेतलं नव्हतं.

बीजिंगच्या वकिलांशी त्याच दुपारी बोलणं झालं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून पप्पा खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले. आम्ही ज्या मार्गानं, म्हणजे कोरियन अर्जावरून थेट चीनमध्ये जात होतो, त्यात दाखल केलेला चिनी मजकूर हाच मूळ मजकूर मानला जातो. त्यात न्यूट्रॉन असेल तर न्यूट्रॉनच. कोरियन कागद दाखवून 'आम्हाला कोअर म्हणायचं होतं' असं नंतर दुरुस्त करून मिळत नाही, कारण दाखल केलेल्या मजकुराच्या पलीकडे जाणारा बदल कायद्याला चालत नाही. पीसीटीच्या, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाच्या, मार्गानं गेलं तर मूळ आंतरराष्ट्रीय मजकुरावरून अनुवादाची चूक सुधारायची सोय असते, आणि चीनमध्ये शिरायला तीस महिने, जादा फी भरून बत्तीस महिने मिळतात. त्याचा खर्च वाचवायला आम्ही हा मार्ग घेतला होता. बारा महिने चुकले तर जानेवारी २०२४ पासूनच्या नव्या नियमांत आणखी दोन महिन्यांत कारण आणि फी देऊन प्रायॉरिटी परत मागता येते, हेही ते म्हणाले. पण त्यावर विसंबू नका, असं लगेच जोडलं.

एजन्सीला फोन लावला. पहिल्या दिवशी ते गृहस्थ गोडच बोलले, "ताई, दोन शब्द इकडंतिकडं झाले असतील, बाईंना सांगतो." मी म्हटलं, बाईंना आत्ता फोनवर घ्या, माझ्याकडे बीजिंगहून कोरियन जाणणारी व्यक्ती लाईनवर आहे, पाच मिनिटं बोलू दे त्यांना. ते म्हणाले बाई प्रवासात आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, दुरुस्तीचे वेगळे ६०,००० लागतील. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद, व्हॉट्सॲपचा फोटो गायब. पत्त्यावर पुण्यातल्या भाच्याला पाठवलं. तिथे दिवसाच्या भाड्यानं टेबल देणारं ऑफिस होतं. रिसेप्शनवरच्या मुलीला ते नावच ठाऊक नव्हतं.

१९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवली, नंतर पोलीस ठाण्यात जबाब दिला. पैसे जाऊन महिना उलटला होता, त्यामुळे खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे गेल्या गेल्या तक्रार झाली तर बँकेला ते रोखता येतात, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं. आमच्या वकिलांचं म्हणणं, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ स्पष्ट लागतं, पण दाखला खोटा असल्याचं विद्यापीठाकडून लेखी आणा. मी विद्यापीठाला लिहिलं. अशा नावाची पदवीधर नाही, असं उत्तर चार दिवसांत आलं. चार दिवस. डिसेंबरमध्ये ते चार दिवस आमच्याकडे होते.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, मधल्या एजन्सीकडे जाऊच नका. ज्या देशात कागद दाखल व्हायचा, तिथल्या पेटंट वकिलांनाच विचारा. चीनच्या पेटंट फर्ममध्ये कोरियन कागदांसाठी वेगळी माणसं असतात, कारण कोरियन कंपन्या तिथे सतत अर्ज करतात. परदेशी अर्जदाराला चिनी एजंट तसाही नेमावाच लागतो. दर जास्त वाटतो, पण चुकीची जबाबदारी त्यांच्या गळ्यात असते. बैठकीसाठी माणूस हवा असेल तर त्याच्याशी आधी व्हिडिओवर बोला, कॅमेरा चालू ठेवून, आणि समोरच्या दोन्ही भाषांतल्या आपल्या माणसांना पाच मिनिटं बोलायला लावा. आपल्याला कळत नसलं तरी त्यांना कळतं. आपल्या धंद्यातले दहा शब्द आधी देऊन बघा, कोअर, साचा, व्हेंट, आणि तो कसे लिहितो ते वकिलांना दाखवा. आणि अनुवादातली दोन पानं दुसऱ्याच कुणाकडून उलट इंग्रजीत करून घ्या. आम्ही तेवढं केलं असतं तर पहिल्याच पानावर न्यूट्रॉन दिसला असता. उरलेले पैसे त्यानंतर द्या, सण असो नसो. गुप्ततेचं पत्र तर फाईल पाठवायच्या आधी.

बीजिंगच्या फर्मनं काम तातडीच्या दरानं घेतलं. अनुवादक बाई यानब्यानच्याच निघाल्या, खऱ्याखुऱ्या. २७ फेब्रुवारीला त्यांचा पहिला ईमेल आला. अनुवाद नव्हता त्यात, नऊ प्रश्न होते. पहिल्या एजन्सीनं दोन महिन्यांत एकही प्रश्न विचारला नव्हता. बाईंचा पहिला प्रश्न असा: मूळ मजकुरात व्हेंटला वापरलेल्या कोरियन शब्दाचे चिनीत दोन अर्थ होऊ शकतात. ही वाट कोअर तयार होतानाच बॉक्समध्ये पडते, की कोअर तयार झाल्यावर मागून कोरली जाते? त्यावर क्लेम एकचा शब्द ठरेल. शक्य असेल तर वस्तूचा फोटो पाठवा.

मी खाली कोअर शॉपमध्ये गेले. अण्णांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, रॅकवरचा एक कोअर उचलला आणि अंगठ्यानं वाळूची कड पुसून मला दाखवली. "हे बघ पोरी, कोरलेलं न्हाई ह्ये. बॉक्समधनंच येतंय, म्हणून तर कड मोडत न्हाई." मी तिथेच व्हिडिओ काढला, अण्णांचा हात, कोअर, उघडलेला बॉक्स, सगळं त्यात आलं, आणि तसाच बीजिंगला पाठवला. १२ मार्चला अर्ज दाखल झाला. १४ ला धुळवड होती. त्या दिवशी मुदत संपली.